एकोणीस नंबरचा जॉइंट

सुमन: आणि सेल कधी बदलला?

रघुनाथ: मागच्या आठवड्यात. नवाच आहे. पण कानात घातलं की शिट्टी वाजते, आणि समोरचा माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

सुमन: शिट्टी यंत्र नाही वाजवत जी. नीट बसलं नाही का वाजते. द्या इकडे. किती वर्षं झाली?

रघुनाथ: यंत्राला? चार.

सुमन: मी यंत्राचं नाही विचारून राहिली. तो मफलर काढा तोंडावरचा, साहेब. दारात पाय टाकला तेव्हाच ओळखलं मी. अजूनही आत शिरायच्या आधी बूट तीनदा झटकता.

रघुनाथ: सवय. क्लीनरूमची.

सुमन: इथे कुठली आली क्लीनरूम? मागं जनरेटर, पुढं छोले-भटुरे. बसा त्या स्टुलावर. तेरा वर्षं झाली.

रघुनाथ: तेरा वर्षं, चार महिने.

सुमन: मोजून ठेवले? कमाल आहे बाप्पा. हे बावीस सेक्टरमधलं दुकान काही चंद्रावर नाही. इंडस्ट्रियल एरियातून मी सायकलनं अर्ध्या तासात घरी येत होती. तुमच्याजवळ तर गाडी होती.

रघुनाथ: दोनदा आलो होतो. समोरच्या पायरीवर उभा राहिलो आणि परत गेलो. तुम्ही खाली मान घालून काम करत होतात. तीच मान, तोच डावा कोपर टेबलाला टेकवलेला.

सुमन: कोपर टेकवला नाही तर हात हलते. तुम्हीच शिकवलं.

रघुनाथ: मी नाही शिकवलं. मला सोल्डरिंग कुठे येत होतं? मी कागदावर रेघा मारणारा इंजिनिअर. तुम्ही अमरावतीहून डिप्लोमा घेऊन आलात तेव्हा पहिल्या दिवशी मी तुम्हाला पन्नास जॉइंट करायला दिले होते. भिंगाखाली बघितले आणि घरी जाऊन नीलिमाला म्हटलं, आज एक बाई आली आहे, तिच्या हाताला घाई नाही.

सुमन: हे मला कधी नाही सांगितलं.

रघुनाथ: तेव्हा साहेब होतो ना. साहेब कौतुक घरी जाऊन करतात.

सुमन: पण दिवस होते हो साहेब. जानेवारीत बाहेर धुकं, आत आपण स्वेटरवर गाऊन, गाऊनवर टोपी, तोंडाला मास्क. माझ्या शेजारी जॉइंट करणारा जसविंदर तर पगडीवर एवढी मोठी टोपी घालायचा, हलवायाच्या कढईवर पातेलं पालथं घातल्यासारखा दिसायचा.

रघुनाथ: आणि तुमचा तो स्टीलचा डबा. बांगड्या, मंगळसूत्र, अंगठी सगळं काढून त्यात ठेवायचं आणि वर चिठ्ठी लावायची, "सुमन इंगोले, सौभाग्य".

सुमन: ती जसविंदरची चिठ्ठी होती. मी त्याला अर्थ सांगितला तर म्हणे, भाभीजी, ये तो स्टोअर में जमा होना चाहिए, रिसीट के साथ. सासूबाई आल्या होत्या तेव्हा गहजब झाला होता घरी. रोज मंगळसूत्र काढते म्हणे! यांनीच समजावलं आईला, का अंगात वीज साचते कोरड्या हवेत, एक ठिणगी उडाली तर लाखाची चिप जाते. आई म्हणे, मग नवऱ्याचं काय, तो काय स्वस्तातला आहे?

रघुनाथ: शंकरराव मोठ्या मनाचे होते.

सुमन: होते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

रघुनाथ: कळलं होतं. त्यांच्या ऑडिट ऑफिसातल्या एकाकडून. तेव्हा यायला हवं होतं मी.

सुमन: हो. यायला पाहिजे होतं. चहा घ्याल? घ्या. करंगळी वर करून दाखवा समोरच्या पोराला.

रघुनाथ: करंगळी! आठवतं तुम्हाला?

सुमन: सगळंच आठवते. सर्किटचं कार्ड उघडं असलं का त्याच्यावर बोलायचं नाही, थुंकी उडते. मग खुणांची भाषा. करंगळी म्हणजे चहा, अंगठा खाली म्हणजे मालक भुल्लरसाहेब राउंडवर आले, कान पकडला म्हणजे तुम्ही चिडून आहात. चार-चार तास एक शब्द नाही. घरी आली का मी अक्षरालासुद्धा खुणा करायची. ती शाळेच्या मॅडमला म्हणे, मेरी मम्मी गूंगी हो गई है.

रघुनाथ: आणि उड्डाणाच्या दिवशी? कॅन्टीनमध्ये सगळे टीव्हीपुढे. रॉकेट सुटलं, उपग्रह वेगळा झाला, लोक नाचायला लागले आणि तुम्ही जागच्या जागी हात धुवून आल्यासारखे पुढे धरून बसला होतात.

सुमन: मी हाताकडे बघून राहिली होती. म्हटलं, या हाताचं काहीतरी वर गेलं. अचलपूरला माहेरी फोन केला तर आई विचारे, कोणती चांदणी तुझी? मी म्हटलं, दिसत नाही आई, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आहे, सूर्याचे क्ष-किरण मोजते. आणि त्याला करंट पुरवणारं कार्ड माझं. तळहाताएवढं. तर ती म्हणे, दिसत नसलं तर राहू दे, चालते ना, बस. जाऊ द्या. आपली शेड कशी आहे?

रघुनाथ: बंद झाली. या महिनाअखेर रिकामी करायची आहे. भुल्लरसाहेबांची मुलं तिथे बाथरूमचं शोरूम काढतायत.

सुमन: आपल्या क्लीनरूममध्ये?

रघुनाथ: तिथे कमोड मांडणार आहेत.

सुमन: अरे देवा! चला, स्वच्छ जागा आहे, शोभेल. आणि तुम्ही?

रघुनाथ: आम्ही सांगलीला परत. नीलिमाची हाडं दुखतात इथल्या थंडीत. बांधाबांध चालू आहे. सुमनताई, खरं सांगायचं तर हे कानाचं यंत्र निमित्त आहे.

सुमन: ते तर मला कधीचं कळलं. डाव्या कानाचं यंत्र उजव्यात घालून आलात. असं घातलं तर कोणाच्याही कानात शिट्टीच वाजेल. इंजिनिअर माणूस एवढा बावळट नसते.

अक्षरा: मम्मी, दो मिनट में खाना दे दो प्लीज, सकाळपासून कोर्टात उभी आहे मी. ओह, सॉरी. नमस्ते अंकल. मोबाइलला जोडायचं हिअरिंग एड आहे का? वो ब्लूटूथवाला मम्मी नहीं करती.

सुमन: अक्षरा, हे आपले साहेब. युनिटमधले. साहेब, ही अक्षरा. वकील झाली. हायकोर्टात एका मोठ्या मॅडमकडे ज्युनिअर आहे.

अक्षरा: कौनसे साहेब? रघुनाथ सर? वही वाले?

सुमन: नीट बोल.

अक्षरा: नीटच बोलतेय. सर, मी नाइन्थमध्ये होते जेव्हा मम्मीला सोल्डरिंगवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. स्क्रू मोजायला. एक साल स्क्रू गिने इन्होंने, फिर छोड़ दिया. तुम्ही एकदाही आला नाहीत.

रघुनाथ: नाही आलो. आणि आज आलो ते तुम्ही असताना आलो हे बरं झालं. वकिलासमोर बोललेलं पक्कं होतं. सुमनताई, ही पिशवी उघडा. हळू.

सुमन: हे... हे स्पेअर आहे. आपलं स्पेअर.

अक्षरा: म्हणजे?

सुमन: वर पाठवायचं एक कार्ड असते, आणि तसंच्या तसं जुळं खाली कपाटात ठेवतात. वरच्याला काही झालं का खालच्यावर करून बघता येते. वरचं मी केलं होतं. हे जसविंदरनं. बघ, त्याचे जॉइंट जाड असतात, वरणात जास्त तूप सोडल्यासारखे.

रघुनाथ: कपाट रिकामं करताना सापडलं. शेडमधली थंडीची पेटी भंगारात जायची होती, त्याआधी म्हटलं एकदा शेवटचं चालवून बघू. नुसती हौस. कार्ड पेटीत ठेवलं, उणे पंधरावर नेलं, दोन तास गारठवलं आणि मग बटण दाबलं. उठलं नाही. व्होल्टेज पाचापर्यंत चढलं आणि धपकन शून्य. वर उपग्रहातलं यंत्र जसं बंद पडायचं, अगदी तसंच. पाच वेळा केलं. पाचही वेळा.

सुमन: हे जसविंदरचं आहे.

रघुनाथ: हो.

सुमन: याच्यावर माझा हातच नाही लागला.

रघुनाथ: नाही.

अक्षरा: एक मिनट. मला कोणी सांगेल? चौकशी कमिटीच्या रिपोर्टमध्ये तर लिहिलं होतं मम्मीचा जॉइंट क्रॅक झाला, म्हणून यंत्र बंद पडलं. मी वाचलाय तो रिपोर्ट. प्रोबेबल कॉज, वर्कमनशिप, जॉइंट नंबर नाइन्टीन. घरात ते पान सगळ्यांना पाठ आहे.

रघुनाथ: जॉइंटचा काही दोष नव्हता. माझ्या सर्किटचा होता. थंडीत एक कपॅसिटर आळसावतो, मी त्याची सोय ठेवली नव्हती. पण ती चूक मोठी नाही, परीक्षेत सापडली असती. परीक्षा त्यासाठीच असतात. थंडीच्या दोन असतात. एकीत कार्ड चालू ठेवून गार करायचं. दुसरीत बंद ठेवून पुरतं गारठवायचं आणि मग चालू करायचं. मी पहिली केली. दुसऱ्या परीक्षेपुढे नुसती बरोबरची खूण केली आणि सही ठोकली.

अक्षरा: दोन्हीत काय फरक आहे? थंड तर थंडच ना?

सुमन: तुझी अॅक्टिव्हा.

अक्षरा: क्या?

सुमन: जानेवारीत सकाळी किती सेल्फ मारते तू? दहा, पंधरा. शेजारी उठून बसतात. आणि एकदा सुरू झाली का धुक्यातून लुधियान्यापर्यंत जाते, कुरकुरत नाही. कार्ड चालू असलं का त्याच्या अंगाची ऊब त्यालाच पुरते. म्हणून चालू ठेवून गार केलं तर पास होते. आणि वर... वर तर सावलीत गेलं का यंत्र बंद करायचे बॅटरी वाचवायला. उजेड आला का चालू. दर फेरीला थंडीतच उठवायचे त्याला. साहेब, तुमच्याजवळ तेव्हा ती बजाज होती. रोज सकाळी तिरकी करून किक मारत होता तुम्ही. सगळं युनिट हसायचं.

रघुनाथ: हो. रोज. आणि तरी मला सुचलं नाही. थंडीची पेटी तीनच दिवस माझ्या वाट्याला आली होती, त्यात एक दिवस लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्ड न्यायला टेम्पो दारात उभा. मी म्हटलं, दोन दिवस थंडीत ठणठणीत चालतंय, आता बंद करून परत चालू केलं तर काय निराळं होणार आहे.

सुमन: आणि चौथ्या महिन्यात ते उठेना.

रघुनाथ: आठव्यात कायमचं झोपलं.

अक्षरा: सर, पर जब कमिटी बैठी थी, तब? तेव्हा तर स्पेअर होतं ना? तेव्हा टेस्ट नाही केली?

रघुनाथ: केली. मीच केली. पुन्हा तशीच, चालू ठेवून. उत्तम चाललं. मग समितीनं कागद काढले आणि सुमनताईंचं कामाच्या नोंदींचं कार्ड त्यांच्या हाती लागलं. त्यात एकोणीस नंबरपुढे लिहिलेलं होतं, "पुन्हा केला".

सुमन: मीच लिहिलं होतं. पहिला जॉइंट मला आवडला नव्हता. वाईट नव्हता, पास झाला असता. पण मनाला नाही पटला, म्हणून दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा केला आणि लिहून ठेवलं. लिहायचंच असते. समितीनं विचारलं, तुम्ही हा पुन्हा केला? मी म्हटलं, होय जी, केला. सगळी खोली माझ्याकडे वळली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वहीत काहीतरी लिहून राहिले होते.

रघुनाथ: काही लिहीत नव्हतो. रेघा मारत होतो.

अक्षरा: तुम्हाला माहीत होतं?

रघुनाथ: इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं की माहीत नव्हतं. पण समितीच्या तिसऱ्या दिवशी ती खूण मला डोळ्यांपुढे दिसली होती. पेनची निळी खूण. वाटलं, उठावं आणि म्हणावं, थांबा, एक परीक्षा राहिली आहे. तेवढ्यात सुमनताई म्हणाल्या, होय जी, केला. आणि मला हायसं वाटलं. हे बोलायला मी आज आलो आहे. मला हायसं वाटलं, सुमनताई.

अक्षरा: आणि नंतर तुम्ही हेड झालात.

रघुनाथ: नंतर मी हेड झालो. पुढची दोन यंत्रं माझ्या हाताखाली झाली. त्यांच्या थंडीच्या परीक्षा मी स्वतः उभा राहून करून घेतल्या. बंद ठेवून. लोक म्हणायचे, साहेब फार काटेकोर.

अक्षरा: मम्मी, ये फ्रॉड है. टेस्ट रेकॉर्ड खोटं बनवलंय. मी उद्या मॅडमशी बोलते. नोटीस, अॅफिडेव्हिट, सगळं. सर, यू शुड नो...

रघुनाथ: काढा नोटीस. मी नाही म्हणणार नाही. हवं ते लिहून देतो.

सुमन: अक्षरा, गप्प बस जरा.

अक्षरा: का गप्प बसू? तुला राग नाही येत?

सुमन: येते. एवढा येते का हे भिंग उचलून यांच्या डोक्यात घालावं वाटते. साहेब, तुम्हाला माहीत आहे तेरा वर्षं मी काय करून राहिली? या टेबलावर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कानाचं एवढंसं यंत्र येते. मी एक जॉइंट करते आणि चार वेळा बघते. गिऱ्हाईक म्हणते, बहनजी, हो गया, दे दो. मी देत नाही. मला वाटते, याच्यातही तडा असेल, मला दिसत नसेल. मला माझ्याच हाताची भीती बसली हो. मीसुद्धा मानलं का तो जॉइंट तुटला. एवढी शिकलेली माणसं बसून सांगतात, तर तुटलाच असेल.

रघुनाथ: सुमनताई...

सुमन: थांबा, बोलू द्या. आणि हे. अक्षराचे बाबा. कधी टोचून नाही बोलले. एक शब्द नाही. उलट कोणी घरी आलं का म्हणायचे, अहो चूक कोणाच्या हातून होत नाही, माणूसच आहे ती. पीजीआय हॉस्पिटलात होते तेव्हा, शेवटच्या आठवड्यात, माझा हात हातात घेऊन म्हणे, सुमन, ते मनाला लावून घेऊ नको आता, मी कधीच तुला दोष दिला नाही. मला माफ करून गेला माझा नवरा, साहेब. जी चूक मी केलीच नव्हती, तिच्यासाठी माफ करून गेला. ते मी आता कोणाला परत करू?

अक्षरा: मम्मी. मम्मी, बस. पानी पी.

सुमन: नको. साहेब, रडू नका तुम्ही. तुम्ही रडले का मला तुमची कीव येईल, आणि मला आज तुमची कीव करायची नाही.

रघुनाथ: नाही रडत. मला क्षमा मागायची आहे, पण ती मागून झाली की मी मोकळा होईन आणि तुम्ही तशाच राहाल. म्हणून मागत नाही. कागद आणला आहे. हे बघा.

सुमन: माझं कार्ड! कामाच्या नोंदींचं. हे माझं अक्षर.

रघुनाथ: अस्सल. रद्दीच्या गठ्ठ्यात होतं. आणि ही माझी थंडीच्या परीक्षेची शीट. समितीचं काम ज्या संस्थेकडे होतं, तिथल्या संचालकांना पत्र लिहून तयार आहे. त्याबरोबर हे दोन्ही जातील. पण आधी यांत दुरुस्ती करायची आहे. आपल्या पद्धतीनं.

अक्षरा: फाड क्यों नहीं देते ये सब?

सुमन: फाडत नाहीत बेटा. आमच्यात खोडतही नाहीत. चुकीचं लिहिलं गेलं तर त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी का खालचं वाचता आलं पाहिजे. पांढरा रंग लावायचा नाही, गिरवायचं नाही. शेजारी खरं काय ते लिहायचं, सही, तारीख. चूक काय होती तेही दिसत राहिलं पाहिजे.

रघुनाथ: मी लिहितो. तुम्ही वाचा, वकीलसाहेब.

अक्षरा: "थंडीत चालू करण्याची चाचणी केली", याच्यावर रेघ. शेजारी, "चाचणी केलेली नव्हती. खोटी नोंद माझी. बिघाडाचं कारण सर्किटची रचना. जॉइंट क्रमांक एकोणीस निर्दोष." सही. तारीख आजची.

रघुनाथ: आता दुसरी सही लागेल. ज्यानं नोंद केली त्यानंच तपासली असं चालत नाही. तपासणाऱ्याच्या रकान्यात तुम्ही सही करा.

सुमन: मी? त्या रकान्यात? तो इंजिनिअर लोकांचा रकाना. अठरा वर्षांत मला तिथे पेन टेकवू दिलं नाही कोणी.

रघुनाथ: म्हणूनच.

अक्षरा: कर ना मम्मी! ही पहिली चांगली गोष्ट बोललेत सर.

सुमन: नाही.

रघुनाथ: का?

सुमन: तपासणाऱ्याची सही आहे ना ती? मग मी तपासलं कुठे?

रघुनाथ: मी पाच वेळा केलं आहे, सुमनताई. सगळी रीडिंग शीटमागे जोडली आहेत.

सुमन: ती तुमची रीडिंग आहेत. न बघता सही करायची असती तर मग तुमच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? अक्षरा, शेजारच्या कुल्फीवाल्या अभिषेकला विचार, त्याचा डीप फ्रीझर रिकामा आहे का.

अक्षरा: जानेवारी में कुल्फी कौन खाता है? रिकामाच असणार.

सुमन: त्याला म्हण, उणे अठराच्या खाली लाव काटा. आणि दोन जाड पिशव्या दे मला, गाठ मारता येतील अशा. त्या डबीतल्या पांढऱ्या पुड्या घाल आत, ओल शोषून घेतात. नाहीतर बाहेर काढलं का घाम येईल कार्डाला. साहेब, तारा आतूनच जोडून बाहेर काढा, पिशवी उघडायची नाही.

रघुनाथ: हो. आणि सप्लाय?

सुमन: माझा टेबलाचा आहे, अठ्ठावीस व्होल्ट देते. चालू करू नका आत्ता! बंदच जाऊ द्या आत. बंद.

रघुनाथ: बंद आहे. बघा तुम्हीच.

सुमन: बघून राहिली मी.

(दीड तासानंतर. कुल्फीच्या दुकानात, फ्रीझरपुढे तिघं. फ्रीझरच्या झाकणाखालून दोन तारा बाहेर आलेल्या.)

अक्षरा: उणे सतरा दाखवतोय. अभिषेक विचारतोय, आंटी, इसमें बम तो नहीं है?

सुमन: त्याला म्हण, बम असता तर वाजला असता, हे न वाजणारं आहे. मीटर माझ्याकडे करा. साहेब, तुम्ही हात नका लावू. अक्षरा, तू आकडे लिही. दाबते मी.

अक्षरा: दोन... साडेतीन... पाच. पाच आला, मम्मी! नहीं, गिर गया. झीरो.

सुमन: परत. पाच मिनिटं थांबून.

रघुनाथ: तीच गत होईल.

सुमन: होऊ द्या. एकदा झालं म्हणजे झालं असं नसते. लिही, पहिली वेळ.

अक्षरा: दुसऱ्यांदा. चार... पाच... झीरो.

सुमन: तिसऱ्यांदा.

अक्षरा: झीरो.

सुमन: काढा बाहेर. पिशवीतच राहू द्या, स्टोव्हजवळ ठेवा, लागून नाही. गरम झालं का परत दाबू.

रघुनाथ: आता वीस अंश असेल.

अक्षरा: पाच. पाचवरच आहे. हिलता भी नहीं.

सुमन: चला आता दुकानात. भिंगाखाली घेते. एकोणीस नंबर... हा. चारी बाजूंनी बघू द्या. जाड आहे, पण पक्का आहे. कुठे केसाएवढा तडा नाही. जॉइंट ठीक आणि तरी थंडीत पडते. साहेब, तुमचं सर्किटच वाईट होतं.

रघुनाथ: होतं.

सुमन: हे ऐकायला बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पेन द्या. इथेच ना?

रघुनाथ: तिथेच. नाव पूर्ण लिहा.

अक्षरा: रुक, मम्मी, फोटो घेऊ दे. हात हलवू नको.

सुमन: माझा हात नाही हलत.

रघुनाथ: पत्र उद्या रजिस्टर पोस्टानं जाईल. कोण वाचेल, काय करेल, मला सांगता येत नाही. एक प्रत तुमच्यासाठी. नोटिशीचं काय ते तुम्ही दोघी ठरवा. पत्ता सांगलीचा मागे लिहिला आहे.

सुमन: ठरवू. आज नाही ठरवत. माफीचंही आज नाही ठरवत, साहेब. ती माझ्याजवळ आत्ता नाहीच, असती तर दिली असती. पण जाताना ते यंत्र डाव्या कानात घाला, रस्ता ओलांडायचा आहे.

रघुनाथ: घालतो. येतो मी.

सुमन: साहेब.

रघुनाथ: हं?

सुमन: तो उपग्रह अजून वरच आहे ना?

रघुनाथ: वरच. बंद आहे, पण फिरतो आहे. अजून तीस-चाळीस वर्षं तरी खाली येत नाही.

सुमन: म्हणजे दर फेरीला थंडी, परत ऊन, परत थंडी. आणि एकोणीस नंबर?

रघुनाथ: तो कुठे जातो? आहे तिथेच.

सुमन: मग धरून आहे म्हणायचा.